डचेस, चोवीस बाय बारा

लीड्सहून आलेला पोरगा चहाला हात न लावताच वही उघडतो.
माझ्या बहिणीच्या सहाही कादंबऱ्या त्याला तोंडपाठ.
टेबलावर तो पात्रांची वंशावळ पसरतो,
कोपरे उडू नयेत म्हणून एकावर साखरेचं भांडं,
दुसऱ्यावर बाबांची छिन्नी, जी खिडकीत पडून असते,
आणि म्हणतो, नावांबद्दल थोडं विचारायचं होतं.
मेरेरिदनेच त्याला कार्डिफहून इकडे धाडलंय:
'भावाला विचार. त्याला सगळं ठाऊक आहे.'
असं म्हणताना ती हसली असणार.

कादविन, तो म्हणतो. नायक.
'काद' म्हणजे रण, 'विन' म्हणजे शुभ्र.
शुभ्र रणाचा धनी. बरोबर ना?
त्याच्यापाशी जुन्या वेल्शचा कोश आहे, चामडी बांधणीचा.
स्वयंपाकघरातल्या वेल्शचा नाही.
आमच्याकडे कादविन म्हणजे साखळी.
मांडीला तिचा एक वेढा देऊन
बाबा खाणीच्या कड्यावर लोंबकळत,
खाली ऐंशी फूट काळोख, हातात पहार.
'छान शोधलंस,' मी म्हणतो.

मग त्या दोघी बहिणी, हिमराज्याच्या वारसदार.
डचेस उंच. काउंटेस दर खेपेला
नेमकी चार इंच कमी पडते, राजदंडापाशीसुद्धा.
यात त्याला फ्रेंच दरबार दिसलाय,
धाकटेपणाचं दुःख दिसलंय, तीन पानांचं टिपण आहे.
ब्लायनायमधला कुठलाही म्हातारा झोपेत सांगेल:
डचेस चोवीस बाय बारा,
काउंटेस वीस बाय दहा,
लेडी सोळा बाय आठ.
छपराच्या दगडी पाट्यांची मापं ही.
जगात पाटीवर नाव लिहितात, इथे पाटीलाच नाव.
बूट काढता काढता बाबा एकदा म्हणाले,
'आज दोनशे डचेस चिरल्या.'
मेरेरिद पाच वर्षांची होती.
त्या रात्री ती जेवली नाही.

आणि तो. तळ्याखालचा राजा,
ज्याच्या नावाशी या पोराची जीभ अडखळते: ल्लूख.
'जुना शब्द. ल्लूख म्हणजे सरोवर.'
हो. सरोवरही असेल.
पुस्तकात तो श्वासावाटे शिरतो,
आधी माणसाला जिन्यात थांबवतो,
मग वाक्याच्या मध्यावर.
घाई नसते त्याला. एक माणूस जिंकायला सात वर्षं.
आई शनिवारी खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवायची
आणि ते करडं बोट आम्हाला दाखवायची.
ल्लूख.
धूळ.
आजोबांच्या वेळचा कंपनीचा डॉक्टर म्हणे,
तुम्ही चहा फार उकळता, म्हणून दम लागतो.

(पोराचा चहा गार झालाय. मी दुसरा ठेवतो.
फार उकळत नाही.)

निघताना तो कागदाची घडी घालू लागतो
तेव्हा मी विचारतो, 'तावेल सापडला का?'
'कोण?'
तिसरं पुस्तक, पान दोनशे बारा.
वेशीपाशी उभा असतो. सैन्य येतं, तो फाटक उघडतो.
कुठून आलात विचारत नाही,
आत कोण आहे सांगत नाही.
पुढच्या पानावर तो नाही.
पोरगा वंशावळीवरून बोट फिरवतो, वरून खाली, मग आडवं.
'यालाही काही गुपित अर्थ आहे?'
'कसलं गुपित. साधा शब्द आहे. गप्प.'
तो दचकतो. 'माफ करा,' म्हणतो,
मीच दटावलं असं वाटून.

छिन्नी परत खिडकीत ठेवतो.
त्याला बसथांब्यापर्यंत सोडायला जातो.
उताराची वाट, दोन्ही बाजूंना घरं,
छपरांवर ओल्या डचेस, त्यांच्या खालच्या ओळीत काउंटेस,
शाळेच्या शेडवर लेड्या, काही तडकलेल्या.
तो सारा वेळ सहाव्या पुस्तकाबद्दल बोलतो.
वर बघत नाही.
मी दाखवत नाही.