बदली

निळं अ‍ॅल्युमिनियम आधी घेतलं मी,
खरं सांगतो, रंगासाठी.
आरेफ म्हणाला, लई हलकं हाय बे, लाव.
तीन रविवार होम मैदानावर गाडी उधळली.
चौथ्या रविवारी उघडून बघितलं,
तर ड्राइव्हशाफ्टच्या पोलादी पिनेनं
त्या निळ्या कपात खोबण पाडलेली,
विहिरीच्या काठाला दोर पाडतो तशी.

मग म्हटलं, पोलाद. सगळंच पोलाद.
पिनियन, स्पर, शाफ्ट, कप.
चादरींच्या गठ्ठ्यांवर नंबर घालून
मिळणारे दोन पगार त्यात गेले.
(टायटॅनियमचा नुसता भाव बघून ठेवला,
सराफाच्या काचेबाहेर उभं राहून बघतात तसा.)
गाडी जड झाली, सुटायला आळसावली,
पण कितीही उंचावरून आदळो, एक दात हलेना.
दात हलेना, म्हणून धक्का पुढं सरकला
आणि गिअरबॉक्सचं कवच मधोमध तडकलं.

मल्लेशम काकांचं लेथ साखर पेठेत.
मागांचे गिअर करतात, बुश करतात.
कवच हातात घेऊन हसले नाहीत ते.
चिरीवरून नख फिरवलं,
मग शेजारच्या शेडमध्ये नेलं मला.
चार माग टॉवेल विणत होते.
ओरडून विचारलं,
"धोटा मधीच अडकला तर काय मोडतंय?"
मी बिडाच्या चौकटीकडे बघत राहिलो.
त्यांनी बोट दाखवलं
धोट्याला टोला देणाऱ्या लाकडी काठीकडे.
"ही. जॉबर लगेच दुसरी लावतो.
हिला लोखंडाची केलास, तर बीड फुटतंय."

चहा येईपर्यंत एवढंच बोलले,
"सगळंच घट्ट करू नको बे.
कोण मोडणार ते आधी तू ठरव,
नाहीतर गाडी ठरवती."

पिनियन पोलादाचंच ठेवलं, कपही.
अ‍ॅल्युमिनियम गेलं मोटरच्या बैठकीला,
जिथं घासायचं काही नाही, फक्त तापायचं.
आणि दुधी नायलॉनच्या गोल दांड्यातून
त्यांनी स्पर कापला. चोपन्न दात.
दात तेलुगूत मोजले,
हिशेब मराठीत सांगितला.
पैसे एकाचे घेतले, केले तीन.

"दोन बदली," म्हणाले,
आणि तो शब्द त्यांच्या तोंडात जरा थांबला.
"आमचे वडील मिलमधी बदली होते.
सकाळी गेटवर उभं राहायचं,
जो आला नाही त्याच्या मागावर जायचं.
तेवीस वर्षं. कायम झालेच नाहीत."
मग मशीनवरच्या दुधी भुशाला फुंकर मारली.

आता मैदानावर जाताना
वरच्या खिशात दोन चाकं असतात,
मेच्या उन्हात किंचित कोमट.
काल गाडीतलं पहिलं मोडलं.
शेंग फोडल्याएवढाच आवाज.
बाकी सगळं शाबूत.
आरेफ हळहळला, मी स्क्रू सोडवत बसलो.
मोडलेलं फेकायला हात उचललाही होता.
का कोण जाणे,
ते दुसऱ्या खिशात टाकलं.