शिडी पोचते तिथवर

गाडी धुवून पुसून उभी असते,
तिच्या पाठीवर शिडी, घडी घालून,
दुपारच्या पैलवानासारखी निजलेली.
तिची लांबी कागदावर लिहिलेली आहे, सहीशिक्क्यासह.
गावाची उंची अशी एका कागदावर राहत नाही.

मी भरती झालो तेव्हा
सगळ्यात उंच काय, विचारलं की
पोरगंसुद्धा मिलच्या चिमणीकडं बोट करायचं.
अंबाबाईचं शिखर त्या हिशेबात कुणी धरत नव्हतं.
ते मोजायचं नसतं, वडील म्हणायचे,
येताजाता बघायचं असतं.

आता बारा मजले, चौदा मजले.
एका इमारतीचं नाव 'रंकाळा व्ह्यू'.
तिथनं रंकाळा दिसत नाही,
'रंकाळा व्ह्यू फेज टू' दिसते.
रात्री क्रेनच्या टोकाला तांबडा दिवा,
आणि आमचा ड्रायव्हर मुजावर
तंबाखू मळत मजले मोजतो,
मधेच चुकतो,
परत तळापासनं.

ड्रिलच्या दिवशी सरनोबत साहेब शिट्टी मारतात.
शिडी उलगडत जाते, मी टोकाला.
चौथ्यावर वाळत घातलेले सांडगे.
सहाव्यावर परीक्षेचं पोरगं,
पुस्तक उघडं, लक्ष माझ्यावर.
आठव्यावर पिंजऱ्यात पोपट, तो शिव्या देतो.
नवव्यावर एक हिसका
आणि थांबलं.

वरनं, अकराव्यावरनं, एक म्हातारी वाकून बघते.
"का ओ, वर येत न्हाई व्हय?"
"न्हाई आक्का. एवढीच हाय."
"मग जाळ लागला तर मी काय करू?"
मी पाठ केलेलं सांगतो :
लिफ्ट वापरू नका, ओला टॉवेल घ्या,
मोकळ्या मजल्यावर येऊन थांबा.
ती शेवटपर्यंत ऐकून घेते.
"मी आंबेवाडीची हाय," म्हणते,
"आमी वर जायाचं तेवढं शिकलो. खाली यायाचं कुणी शिकवलंच न्हाई."

आंबेवाडी.
त्या महापुरात आम्ही तिकडं शिडी नेली होती,
ही नव्हे, साधी, खांद्यावरची.
उभी करायला जमीनच नव्हती.
मग आडवी टाकली,
बोटीच्या कडेपासनं कुणाच्या तरी गच्चीपर्यंत,
आणि माणसं रांगत आली तिच्यावरनं,
एकजण टीव्ही पोटाशी धरून,
एकजण करडू.
त्या दिवशी साऱ्या पंचक्रोशीत
सगळ्यात उंच इमारत ती गच्ची होती :
पाण्यावर साडेतीन फूट.

"कुणाची गच्ची?" मी ओरडून विचारतो.
वारा आहे. तिला ऐकू जात नाही,
किंवा जातं, आणि ती आत निघून जाते.

खाली शिट्टी. साहेब हात हलवतायत, उतर.
एवढ्यात डोक्यावरनं काहीतरी येतंय.
दोरी. जाड, काथ्याची, काळी पडलेली,
विहिरीची असते तसली,
टोकाला बाजाराची पिशवी,
दहावा ओलांडून, गरगरत,
बरोबर माझ्या हेल्मेटपाशी थांबते.

पिशवीत शेंगदाण्याचे लाडू.
चार. गाडीवर आम्ही चौघं.
वरनं मोजून घेतले असणार तिनं.

स्टेशनात परत आल्यावर रजिस्टर भरलं.
शिडी : नववा मजला.
वेळ : दोन मिनिटं दहा सेकंद.
शेरा : समाधानकारक.
खाली एक ओळ रिकामी होती.
मी पेन धरून बसलो तिच्यावर बराच वेळ.
मुजावर म्हणाला, लिही की,
नवव्याच्या पुढं दोरी आहे म्हणून.
मी म्हटलं, साहेब विचारतील कुणाची.
तो लाडू चावत होता. काही बोलला नाही.

बाहेर अंधार पडत होता.
जोतिबाच्या डोंगरावर एक दिवा लागला,
सगळ्या मजल्यांच्या वर,
आणि कुठल्यातरी इमारतीत लिफ्ट अडकल्याचा
फोन आला.