पाठीतला कागद

पुण्याचे दिघे पुस्तक दोन्ही हातांनी आत आणतात,
टॉवेलात गुंडाळलेलं,
दवाखान्यातून तान्हं घरी आणावं तसं.
म्हणतात, येमूल, सही सांभाळा.
बाकी थोडं इकडेतिकडे झालं तरी चालेल.

पहिल्या पानावर कुणा कॅप्टन हॉलिसची सही.
शाई गंजून विटकरी झालेली,
शेवटचा फाटा लगाम सुटल्यासारखा
पानाच्या कडेपर्यंत धावलेला.
तेवढ्या दोन बोटं जागेचे पाऊण लाख.
खालची चारशे पानं मोहिमेची,
ती वर फुकट.

मला इंग्रजी वाचता येत नाही, पानं मोजता येतात.
मुलगी क्लासवरून आली की
खळीचा डबा ढवळत वाचून दाखवते:
मे महिना, अठराशे अठरा, सोलापूर.
तलावाच्या अंगाने तोफा.
गोऱ्यांची नावं हुद्द्यांसकट,
शिपाई आकड्यात, बैल आकड्यात.
आणि एक ओळ, कडबा आसपासच्या गावांतून मिळाला.
मिळाला?
असंच लिहिलंय, नाना.

नकाशाची घडी टेबलावर उलगडली.
आमची साखर पेठ त्यात नाही.
माझे खापरपणजे तेव्हा तिकडे तेलंगणात
मागावर बसलेले असणार.
जिथे आता माझं शटर आहे
तिथे नुसत्या आडव्या रेघोट्या,
खडक असेल, किंवा काहीच नसेल.

तिसऱ्या दिवशी पाठ सोडवायला घेतली.
ओल्या फडक्याने जुना सरस फुगू द्यायचा,
घाई केली की कातडं फाटतं.
आत, शिलाईवर, अस्तर म्हणून चिकटवलेला
एक पट्टा निघाला. वीतभर. मोडीतला.
माझ्याआधीच्या कुणी बांधणाऱ्याने
हाताला लागली ती रद्दी लावली होती.
मीही तेच करतो,
चादरींची लेबलं, निवडणुकीची पत्रकं.

हत्तुरे मास्तरांनी चष्मा कपाळावर ढकलला,
कागद नाकाशी नेला:
कडबा, पेंढ्या दोनशे, पलटणीकडे.
रुपये... इथे कातर चाललीय.
येणे.
नाव?
नुसतं ‘सिद’ उरलंय.
सिद्राम असेल, सिदगोंडा असेल,
सिदनाक असेल. काय सांगावं.

दिघ्यांना फोन केला.
काढून टाका हो, म्हणाले. सही ठीक आहे ना?
सही ठीक आहे.

रात्री खळ पातळ केली, चिमूटभर मोरचूद घातला.
पट्टा होता तिथेच बसवला,
अक्षरं आतल्या बाजूला, शिलाईवर,
हाडाच्या पट्टीने दाबून हवा काढली.
वर मलमल, मलमलीवर नवं कातडं.
पाठ केसभर जाड झाली असेल.
पुस्तक उघडताना आता जरासं कुरकुरतं.

मजुरी अकराशे सांगितली होती.
दिघ्यांनी नऊशे मोजले,
सहीवर अंगठ्याने हलकेच फुंकरीसारखा हात फिरवला,
राहिलेले पुढच्या खेपेला, म्हणाले,
आणि रिक्षात बसले.

मी वहीच्या फाटक्या पानावर लिहिलं,
दिघे, दोनशे, येणे.