जुलैचा बर्फ

मार्च सरत आला, तळं अजून दगडासारखं.
स्वयंपाकघरातल्या टेबलावर चार कागद पसरलेत मी:
विनिपेग, सॅस्कटून, एडमंटन,
आणि सीमेपलीकडचं, मिनेसोटातलं एक,
ज्याच्या नावापुढे तीनदा 'ए' लिहिलाय,
जणू पहिल्यांदा कुणाला ऐकूच आलं नव्हतं.

पंधरा मुली. चौदाच म्हणू या,
शायला जुलैत आजोबांच्या बोटीवर असते,
जाळी ओढून ओढून तळहात सोलवटून येते
आणि मग असा काही फटका मारते की काच हादरते.
गोलकीपर एकच. टेसा हॅलक्रो.
दुसरी होती, ती खाण बंद झाली तेव्हा
बापाबरोबर दक्षिणेला गेली.
तिचे पॅड्स आमच्या गॅरेजमध्ये आहेत, उभे,
कुणीतरी आत असल्यासारखे.

सॅस्कटून सहा तास. विनिपेग आठ.
मिनेसोटाचे तास मी मोजले नाहीत.
फी, पेट्रोल, शिवाय ती अट:
तीन रात्री त्यांच्याच हॉटेलात राहायचं.
अंथरूण पाहून पाय पसरावे, खरंय,
पण या मुलींचे पायच थांबत नाहीत,
दर हिवाळ्यात स्केट्सचा नवा नंबर.

लायलचा फोन. रात्रपाळीवरून, मागे यंत्रांची घरघर.
"दगडापेक्षा वीट मऊ," असं काहीसं म्हणाला,
"खालच्या गटात नाव घालून टाक."

गेल्या वर्षी घातलं होतं.
आठ-शून्य. अकरा-शून्य.
शेवटच्या सामन्यात आमच्या मुली
आपसांत काही न बोलता
पक मागे मागे देऊ लागल्या.
टेसा स्टिकच्या टोकानं
गोलसमोरच्या बर्फाच्या भुग्यात मासे काढत होती.
चषक ऑक्टोबरमध्ये सापडला,
व्हॅनच्या सीटखाली,
आत केळ्याची काळी साल.

त्याच्या आदल्या वर्षी एडमंटन.
नऊ-एक हरलो. मग सात-शून्य. मग आठवत नाही.
तो 'एक' मात्र सगळ्यांना आठवतो,
सांगता सांगता त्यात पास वाढत गेले,
आता अकरा आहेत.
आणि ब्रिनला तो आठवत नसावा.
ती घरी आली आणि स्केट्स खिळ्याला टांगले, ते टांगलेच.
दुकानात तिची आई भेटली
तर पिठाच्या पिशव्यांवरच्या किमती वाचत राहते
मी पुढे जाईपर्यंत.

म्हणजे कठीण निवडलं तर एक मुलगी गळते,
सोपं निवडलं तर सगळ्याच थोड्या थोड्या.
हे लायलला सांगितलं. तो म्हणाला, झोप आता.

दुसऱ्या दिवशी टेसा आली, पॅडचा तुटलेला पट्टा घेऊन.
मी सुई ओवत होते, ती कागद वाचत होती,
बूट न काढता, दारातल्या पायपुसण्यावर उभी.
विचारलं, कुठे जाऊ या?
मला वाटलं, म्हणेल हॉटेलात पोहायचा तलाव आहे का.
"दिवसाला सामने किती?"
इथे तीन. इथेही तीन. सॅस्कटूनला दोन.
तिनं बोटांवर काहीतरी मोजलं.
"दोनात मी कितीही शॉट अडवीन," म्हणाली.
"पन्नास म्हणा, साठ म्हणा.
तिसऱ्याला माझे गुडघे उठत नाहीत.
मग त्यांना वाटतं, आपण वाईट खेळतोय."

त्यांना. स्वतःचं नाव तिनं घेतलंच नाही.
माझ्या कोष्टकात पाच रकाने होते,
गुडघ्यांचा एकही नव्हता.

सॅस्कटून तर सॅस्कटून. वरचा गट.
बाहेर रात्री दहापर्यंत ऊन रेंगाळत असेल,
या सपाता घालून, आपल्याहून मोठ्या पिशव्या ओढत,
रिंकच्या दारातून थंडीत शिरतील.
लोकरीच्या टोप्या आठवणीनं घ्यायला सांगायचं.

अर्जावर शेवटचा प्रश्न: संघाचा दर्जा काय?
मी लिहिलं, मध्यम.
खोडलं.
चांगला.
तेही खोडलं.
मग उरलेल्या जागेत, बारीक अक्षरात:
गोलकीपर एक.