पाचशे नव्वद

बाणावलीच्या आमच्या हॉटेलात
समुद्राकडची खोली, नाश्त्यासह,
पाच हजार नऊशे.
मी टाईप केलं पाचशे नव्वद,
रात्री अडीचला, डोळे चोळत.
उजाडेपर्यंत अकरा बुकिंगं.

दहा जणांनी फोनवरच आईबाप काढले
आणि पैसे परत घेतले.
अकरावे आले.

इचलकरंजीचे बिंदुमाधव तारळेकर,
बायको, मेहुणी, दोन पोरं, पाण्याचा कॅन,
पिशवीत चार घड्यांचा कागद.
"कन्फर्म्ड लिहिलंय. वाचा."
वाचलं.
आकडा माझाच होता, झोपाळू.

फुर्ताद पात्रांवनी पढवलं तसं म्हटलं,
सिस्टिमची चूक झाली.
"मग सिस्टिमला बोलवा बाहेर."

पंखा कुरकुरत राहिला.
ते म्हणाले, कापडाचं दुकान आहे माझं.
चिठ्ठी चुकली तर चुकल्या भावात देतो,
गिऱ्हाईक गेल्यावर पोऱ्याला झापतो.
मेहुणी बॅगेची चेन ओढत म्हणाली,
"कधी दिलंत?"

पोरं तोवर चपला टाकून वाळूत.

एक वाजेपर्यंत घासाघीस.
ग्राहक मंच, वकील भाचा,
फुर्तादांचं रक्तदाब मोजायचं यंत्र.
शेवटी मागची खोली, अठराशे,
खिडकीतून जनरेटर आणि दीड माड.

सही करून ते काउंटरवर वाकले, हळू आवाजात :
"त्या सिस्टिमच्या पगारातून कापणार काय हो?"

फुर्ताद वहीत काहीतरी लिहीत होते.

नाही, म्हटलं मी.
किल्ली देताना
तिच्यावरचा नंबर
दोनदा वाचला.