विसर्ग

चौथी ब, शुद्धलेखन.
सत्तेचाळीसपैकी एकोणतीस वह्यांत
दुःखातले दोन ठिपके गायब.
मी लाल पेनाने भरत बसते,
वर एक, खाली एक.
पोरं विचारतात, बाई, ते वाचायचं कसं?
वाचायचं नाही, मी सांगते,
तिथे नुसता श्वास सोडायचा.
सोडून दाखवा, म्हणतात.
मी फळा पुसायला वळते.

नाना गेले त्याला चौदा महिने झाले.
दारात चपलांचा ढीग होता
आणि मी चहाचे कप मोजत होते.
खणभागातल्या बायका पाठीवर हात फिरवून सांगायच्या,
रड गं, मोकळी हो.
मोकळी म्हणजे काय?
मोकळा तास असतो, मोकळं मैदान असतं,
हळदीची पोती लिलावाला गेली
की वखारीत पिवळा वास तेवढा उरतो.
मला यातलं काहीच व्हायचं नव्हतं.

सुकुमार कोयनेवर असतो, धरणाच्या ऑफिसात.
ऑगस्टात त्याचा फोन म्हणजे आकडे:
सहा दरवाजे, दीड दीड फूट,
विसर्ग इतके हजार क्युसेक,
उद्या रात्रीपर्यंत तुमच्याकडे पोचेल.
धरणाला भरून येतं म्हणून दारं उचलत नाहीत, ताई,
तो एकदा हसून म्हणाला होता,
धरण टिकावं म्हणून उचलतात.
आणि आधी भोंगा वाजवतात,
खालच्यांनी गुरं सोडावीत,
नदीतल्या मोटारी वर ओढाव्यात.

माझा भोंगा वाजला नाही.

गुरुवारी तो आकडे सांगत होता,
मी भाकरी थापत, खांद्याने फोन धरून हूं हूं करत होते.
मध्येच म्हणाला,
पुलाला पाणी किती आलं
ते आता सांगायला कुणी नाही गं मला.

नाना रोज जायचे.
आयर्विन पुलाच्या कठड्याला टेकून,
चष्मा कपाळावर सरकवून
खांबावरचा आकडा वाचायचे
आणि धरणावरच्या मुलाला कळवायचे,
जणू सरकारनेच नेमलंय त्यांना.
आकडा त्याच्या टेबलावर आधीच आलेला असायचा.
तरी तो म्हणायचा, थांबा नाना, लिहून घेतो.

फोनवर पुढे शब्द आला नाही.
नुसता ह आला,
दोन ठिपक्यांचा.

मग माझ्याकडून जे सुटलं ते रडणं नव्हतं म्हणे.
पार्श्व नंतर सांगत होता,
आई, तू म्हशीसारखी ओरडलीस.
भाकरी करपली, पिठाचे हात तोंडाला,
नाकात पीठ, उचकी थांबेना.
तो कॉटखाली जाऊन बसला होता.
खालच्या बाजूला कुणीतरी असतंच नेहमी.

नंतर भूक लागली.
दिवस कधीच मावळला होता, तरी जेवले,
उभ्या आयुष्यात पहिल्यांदा.
काळी पडलेली भाकरी, शेंगदाण्याची चटणी,
आणि समोर पार्श्व, मी किती खाते ते बघत.

हलकं वगैरे काही वाटलं नाही.
पूर ओसरल्यावर घर कुठं हलकं होतं?
भिंतीवर रेघ राहते, पायाखाली गाळ,
कपाट सरकवलं तर मागे अजून पाणी.
एवढंच की
कपाट आता सरकतं.

सकाळी शाळेआधी पुलावर गेले.
तांबडं पाणी, त्यात मुळासकट एक पपई
अख्खी उभी वाहत चाललेली.
आकडा नीट दिसेना,
चष्मा कपाळावर सरकवला
आणि फोन लावला.
एकतीस फूट, म्हटलं. सहा इंच. चढतंय.
तिकडे थोडा वेळ काहीच नाही.
मग, थांब ताई,
लिहून घेतो.