डोईवरून आणील त्यास माफ

शनिवारी सकाळी सातला पावतीपुस्तक घेऊन
मी आटपाडीच्या अलीकडच्या आमच्या बाजारतळावर उतरतो.
शेळ्यांच्या कोपऱ्यापासून सुरुवात,
मग मिरच्या, भांडी, चपला,
आणि शेवटी तो दगड.

माणसाएवढा. वर चंद्र-सूर्य,
मधे पुसट ओळी, खाली गाढवाचं ते चित्र
ज्याच्याकडं बायका बघत नाहीत आणि पोरं बघतातच.
विळे घासून घासून एक कड वाटीसारखी झिजलीय.
इलाही मणेराची ताडपत्री त्यालाच बांधलेली.
शेंदूर कुणी लावत नाही, हलवतही कुणी नाही.

कार्तिकात एक बाई आल्या, कोल्हापूरच्या,
हातात पिठाची पुडी.
अक्षरांवर पीठ चोळलं, चष्मा कपाळावर सारला,
आणि बोट ठेवून वाचत गेल्या, पहिलीतल्या पोरीगत:
बैलाच्या गोणीमागं इतकं.
घाण्यामागं पळीभर तेल, दिव्यासाठी.
पानांच्या ओझ्यामागं पन्नास पानं.
डोईवरून आणील त्यास माफ.
जो हे मोडील त्याच्या –
इथं थांबल्या. खालचं चित्र पुरेसं होतं.

म्हणजे हा माझ्याच खात्यातला,
आठशे वर्षं ड्युटीवर,
आणि मी रोज त्याच्यावर सायकल टेकवतो.

दगडाला पाठ लावून कासूबाई मेटकरी बसते.
दोन कोस चालत येते. डोईवर पाटी,
पाटीत हुलगे, मटकी, कधी भुशात चार अंडी.
एकवीस वर्षं मी तिच्याकडून घेतोय,
आधी दोन, मग पाच, मग दहा, आता वीस.
बेरीज करायला बसलो होतो एका रात्री.
लाइट गेली, बरं झालं.

पुढच्या शनिवारी तिच्यासमोर उकिडवा बसलो.
मावशे, तुला माफ आहे. दगडावर लिवलंय.
कुणी?
राजानं.
कुठाय त्यो?
मी गाढवाकडं बघितलं.

तिनं कनवटीची वीसची नोट काढली,
मांडीवर सरळ करून माझ्या पुस्तकावर ठेवली.
"पावती फाड. दगडाचं वाचतंय कोण?
मागल्या बाजारी चपलावाला उठवाय आलता,
पावती दावली, गप झाला."

फाडली. तारीख टाकली.
तिनं चौघडी करून दगडाच्या भेगेत खोचली.
आत आधीच्या कैक होत्या,
पिवळ्या, फुगलेल्या, अक्षर उडालेल्या.
पीठ लावूनही वाचता आल्या नसत्या.